भिंतीकडे पाठ केलेला डबा

मित्रांनो, मी एक जुनं नरसाळं आहे. पत्र्याचं. वर रुंद तोंड, खाली निमुळती नळी आणि मधे पोट म्हणावं असं काहीच नाही. त्यामुळे माझ्याजवळ काही टिकत नाही. जे वरून येतं ते खालून जातं. तुम्हाला वाटेल, असल्या वस्तूला कसली आलीय लाज! पण मला लाज वाटते. आज जे सांगणार आहे ते मान खाली घालूनच सांगणार आहे, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यातून झाला. एका कारागिराने तो डबा कापला, पत्रा गोल वळवला, शिवणीवर डाख दिला आणि मला उन्हात ठेवून दिलं. अजूनही माझ्या आतल्या अंगाला अर्धं बिस्किट छापलेलं आहे. लहानपणी मला त्या बिस्किटाचा फार तोरा होता.

मला विकत घेतलं बाईंनी. बाई म्हणजे ज्या घरात माझं आयुष्य गेलं त्या घराच्या मालकीण. डब्यातलं खायचं तेल बरणीत ओतायचं, हे माझं काम. काम झालं की बाई मला गरम पाण्याने धुवायच्या, पुसायच्या आणि खिळ्याला टांगायच्या. माझ्या आयुष्यातले ते स्वच्छ दिवस. ते फार टिकले नाहीत.

बाईंचे यजमान टेलिफोनचे लाइनमन होते. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, तुटलेल्या जोडायच्या. त्यामुळे सगळे त्यांना तारवाले म्हणत. तारवाल्यांची एक मोटरसायकल होती. जिन्याखाली, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून ती उभी असायची. खांद्यावर तारेचं भेंडोळं अडकवून तारवाले तिच्यावरून गावभर फिरायचे. एकदा बाई बाहेर गेल्या होत्या, मोटरसायकलचं तेल बदलायचं होतं आणि तारवाल्यांना त्यांचं नरसाळं सापडेना. त्यांनी सरळ मला खिळ्यावरून काढलं. काम झाल्यावर मला साबणाने धुतलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात परत टांगलं.

बाईंनी मला हातात घेतलं आणि नाकाशी नेलं.

"अहो, हे काय ओतलंत ह्यातून?"

"तेलच ओतलं की."

"कुठलं तेल?"

तारवाले जरा घुटमळले. "इंजिनचं."

"छान! मग आजपासून इंजिनलाच सांगा स्वयंपाक करायला."

त्या दिवशी माझी रवानगी मोटरसायकलच्या बाजूच्या पेटीत झाली. तिथे एक स्क्रू ड्रायव्हर, एक जादा प्लग, एक कळकट फडकं आणि तेलाची छोटी बाटली एवढीच मंडळी होती. पेटीचं कुलूप केव्हाच गळून पडलेलं. कुलपाच्या त्या भोकातून मला जेवढं दिसतं तेवढंच माझं जग. सुरुवातीला मला फार अपमान वाटला. बिस्किटाच्या घराण्यातला मी, आणि काळ्या तेलाच्या फडक्याशेजारी झोपायचं! पण हळूहळू मी रुळलो. मोटरसायकल जुनी होती, अधूनमधून थोडं तेल पिऊन टाकायची. मग वाटेत कुठेतरी तारवाले थांबायचे, मला बाहेर काढायचे आणि बाटलीतलं थोडं तेल माझ्यातून तिला पाजायचे. "घे बाई, घसा ओला कर," म्हणायचे.

मित्रांनो, आता तेलाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. ह्या मोटरसायकलच्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नसतं. इंजिनाभोवती एकावर एक पातळ पात्या असतात, त्यांना वारा लागतो तेवढाच तिचा गारवा. त्यात गाडी चढावर हळू चालली की वाराही कमी. इंजिन तापतं आणि तेल पातळ होत जातं. म्हणून तिला मुळातच जाडं तेल लागतं. तारवाले नेहमी एकच तेल आणायचे. डब्यावर जाडेपणाचे वीस-पन्नास असे आकडे असायचे, तेवढंच बघून घ्यायचे. ते तेल माझ्या तोंडाशी आलं की थांबायचं, जरा घोळायचं आणि मग दोरीसारखं सावकाश खाली उतरायचं. त्या जाडेपणाची मला सवय झाली होती.

दुसरी गोष्ट अशी की, ह्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच असे सगळे एकाच तेलात बसलेले असतात. क्लच म्हणजे एकमेकींना घट्ट धरून फिरणाऱ्या चकत्या; तेलात बुडलेला म्हणून ह्याला ओला क्लच म्हणतात. मोटारीचा क्लच निराळा असतो, इंजिनाच्या तेलात तो बुडलेला नसतो. म्हणून मोटारीच्या तेलात जास्तीचा गुळगुळीतपणा घातलेला चालतो. तेच तेल इथे आलं तर चकत्या एकमेकींना धरायचं सोडून घसरायला लागतात. मग इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.

तारवाले निवृत्त झाले. मुलीचं लग्न झालं. जावई मोटारींच्या शोरूममध्ये कामाला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मनाने मऊ, पण सासऱ्यासमोर आला की कानकोंडा होऊन बसायचा. पहिल्याच वर्षी त्याने तारवाल्यांसाठी हौसेने मोबाइल आणला. घरात पाहुणे होते. तारवाले सगळ्यांदेखत म्हणाले, "मी जन्मभर तारा ओढल्या, मला हे बिनतारी खेळणं कशाला? परत घेऊन जा." पाहुणे हसले. जावईही हसला. मग खोकं पिशवीत घालून तो गेला आणि कित्येक महिने त्या घराकडे फिरकला नाही. मुलगी एकटीच यायची. "त्यांना काम आहे," एवढंच म्हणायची.

खिडकीतून बाईंचा आवाज मला रोज ऐकू यायचा. "तुमच्या तोंडाला कधी झाकण म्हणून नाही." तारवाले एरवी शब्दाला शब्द देणारे, पण ह्यावर गप्प बसायचे. त्यांना मनापासून लाज वाटली होती. रिकाम्या वेळी पेटी उघडून उगाच मला पुसत बसायचे.

मुलीने बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर जावई पुन्हा येऊ लागला. एका रविवारी तो हातात मोठा चकचकीत डबा घेऊन आला. "बाबा, तुमच्या गाडीला. आमच्याकडची सगळ्यात भारी मोटार हेच तेल पिते. आज मीच बदलून देतो." असं म्हणत त्याने तो इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडलासुद्धा. जुनं तेल खालच्या बोल्टमधून काढलं, हात काळे केले, शर्टावरही एक डाग पाडून घेतला. इतका खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मी सीटवर वाट बघत होतो. तारवाल्यांनी डबा हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि डब्याची मागची बाजू वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. "मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी…" इथे ते थांबले.

"काय झालं, बाबा?"

तारवाल्यांनी जावयाच्या काळ्या हातांकडे पाहिलं. त्या शर्टावरच्या डागाकडे पाहिलं.

"काही नाही. बरंच काय काय लिहिलंय मागे. म्हणजे तेल भारीच असणार."

जावयाने मला गाडीच्या तोंडात बसवलं आणि डबा कलता केला. मित्रांनो, ते तेल सोनेरी होतं, सुंदर होतं, आणि ते पाण्यासारखं सुर्रकन माझ्यातून निघून गेलं. ना थांबलं, ना घोळलं. हे चुकतंय, हे मला तेव्हाच कळलं. पण माझी नळी बंद करता येत नाही. शरमेने मी नुसता तापत राहिलो. उरलेल्या तेलाचा डबा तारवाल्यांनी जिन्याखाली कोपऱ्यात ठेवला. ठेवताना त्याची पाठ भिंतीकडे केली. जावई गेल्यावर गाडी पुसता पुसता तिला हळूच म्हणाले, "थोडे दिवस काढ. मग बदलू. माणूस आत्ता कुठे मोकळेपणाने घरी यायला लागलाय."

जावई खरंच दर रविवारी यायला लागला. आला की आधी जिन्याखाली वाकायचा, तेल मोजायची पट्टी काढून बघायचा. "बाबा, बघा, अजून कसं सोनं आहे!" तारवाले हो हो म्हणायचे. घरात हसणं ऐकू यायचं. बदलायचं एका रविवारवरून दुसऱ्यावर गेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. भीड म्हणतात ती अशी असते.

बाईंची थोरली बहीण चढावरच्या घरात राहायची. ती अंथरुणाला खिळलेली. बाई एक दिवसाआड मोटरसायकलवर मागे बसून तिच्याकडे जायच्या, तिची वेणी घालायच्या, तिला पेपर वाचून दाखवायच्या. तो चढ असा खडा, की बसही खालीच सोडते. आधी आधी गाडी चढावर थोडी कुरकुरली. मग एके दिवशी वळणावर, एका इस्त्रीवालीच्या दुकानासमोर, इंजिन एकदम मोठ्याने ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे आली. तारवाल्यांनी ब्रेक दाबला, पाय टेकले. गाडी सावरली, पण बाई मागून घसरून रस्त्यावर पडल्या.

पेटीच्या भोकातून मला फक्त बाईंचं कोपर दिसलं. सोललेलं आणि रक्ताने भरलेलं. इस्त्रीवाली धावत आली, तिने बाईंना बाकावर बसवलं, पाणी दिलं. तारवाले नुसते उभे होते.  त्या दिवशी मला बिस्किटाचा डबा म्हणूनच गंजून गेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

घरी मुलगी आली, जावई आला. मुलगी रडायलाच लागली. "बाबा, बस झालं आता. तुमचं वय झालंय. हाताला पूर्वीसारखी पकड नाही राहिली."

तारवाले म्हणाले, "हो. माझाच हात सुटला."

मी पेटीत धडधडत होतो. हात सुटला नव्हता, मित्रांनो! ह्या हातांनी वादळात खांबावर लोंबकळून तारा जोडल्या होत्या. पण आता ते खरं कसं सांगणार? खरं सांगायचं म्हणजे जावयाला सगळ्यांसमोर पुन्हा खाली बघायला लावायचं. शिवाय तेल चुकीचं आहे हे माहीत असताना बायकोला मागे बसवलं, हेही सांगावं लागणार. तेच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मुलगी म्हणाली, गाडी विकून टाकू. तारवाले म्हणाले, "विका. मी हिला पाडलं, आता मला नको ती गाडी." शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

बाई त्यानंतर पायी चढ चढायला लागल्या. हाताला पट्टी, दर वळणावर दम खायला थांबायच्या. मग एक दिवसाआडचं जाणं आठवड्यावर आलं. बहिणीचे केस गुंतलेले असतात म्हणून घरी आल्यावर हळहळायच्या. तारवाले ते ऐकायचे आणि खिडकीतून गाडीकडे न बघता दुसरीकडे बघायचे.

जावयाने गिऱ्हाईक शोधलं. ते चढापलीकडे राहायचं. गाडी दाखवायला जावई स्वतः निघाला. तारवाल्यांनी किल्ली दिली आणि आत निघून गेले. बाहेर सोडायलाही आले नाहीत.

त्याच वळणावर, त्याच दुकानासमोर इंजिन पुन्हा बोंबललं. जावयाने मूठ पिळली, क्लच दाबला, सोडला, गिअर बदलला. कॉलेजात असताना तो गाड्या उडवत फिरायचा म्हणे, पण गाडी काही पुढे सरकेना. अखेर घामाघूम होऊन तो खाली उतरला.

इस्त्रीवालीने हातातली इस्त्री उभी ठेवली. "अहो, मागे एकदा ते आजोबा इथंच अडकले होते. त्यांचं ठीक, वय झालं. तुमचं काय?"

 जावई गाडीकडे आणि स्वतःच्या हातांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने गाडी फिरवली आणि उतारावरून तशीच घरंगळत परत आणली.

जिन्याखाली आल्या आल्या तो कोपऱ्यात गेला. डबा उचलला, त्याची पाठ उजेडाकडे वळवली आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात आवाज ऐकून तारवाले बाहेर आले.

"बाबा, तुम्ही हे वाचलं होतंत."

"चष्मा नव्हता रे माझा तेव्हा."

"नाकावर होता. मला चांगलं आठवतंय. ओल्या क्लचसाठी वापरू नये, असं इथे स्वच्छ लिहिलंय. तुम्ही वाचलंत, आणि मला म्हणालात तेल भारी असणार." त्याने डबा पुढे धरला. "तुमचा हात सुटलाच नव्हता. मग का ऐकून घेतलंत सगळं?"

तारवाले जिन्याच्या पायरीवर बसले. "एकदा तुला परत पाठवला होता. सगळ्यांसमोर. पुन्हा जमलं नसतं मला."

खिडकीत बाई उभ्या होत्या. त्या कधीपासून ऐकत होत्या कुणास ठाऊक. पट्टीचा हात सांभाळत बाहेर आल्या.

"म्हणजे माझं कोपर फुटलं ते तुमच्या भिडेपायी?"

तारवाल्यांनी होकाराची मान हलवली. वर बघायची त्यांची छाती झाली नाही.

"मी एक दिवसाआड तुमच्या भरवशावर मागे बसत होते हो! जावयाचं मन जपलंत, मग माझं हाड कुणी जपायचं?" मग त्या जावयाकडे वळल्या. "आणि तुम्ही. एक फोन परत केला तर महिनोन्‌महिने तोंड दाखवलं नाहीत. मग हे कुठल्या तोंडाने नको म्हणणार होते?"

 दोघंही खाली फरशीकडे बघत होते आणि मी पेटीत तळाकडे. बाईंनाही बोलून झाल्यावर वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "चहा टाकते. तेवढ्यात ते घाणेरडं सोनं काढा त्या गाडीतून."

तेल काढलं. सगळं निथळेपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून होते. पुढच्या रविवारी जावई नवा डबा घेऊन आला. ह्या वेळी त्यावर मोटरसायकलचं चित्र होतं. तो झाकणाला हात न लावता डबा उलटा फिरवून सासऱ्याच्या हातात देत म्हणाला, "बाबा, आधी पाठ वाचा. मोठ्याने."

तारवाल्यांनी वाचलं. मग गप्प झाले. माझा जीव टांगणीला लागला, कारण ती गप्प बसण्याची तऱ्हा मी ओळखत होतो.

"दहा-तीस आहे," ते शेवटी म्हणाले. "नव्या गाड्यांना ठीक आहे. ही म्हातारी वाऱ्यावर थंड होणारी, चढावर तापली की हे फार पातळ पडेल हिला." ते थांबले. मग डबा जावयापुढे धरला. "नको. हे नको."

खिडकीतलं भांडं वाजायचं थांबलं. जावई एकदा डब्याकडे बघतो, एकदा सासऱ्याकडे.

"नको तर नको," तो म्हणाला. "चहा होईपर्यंत बदलून आणतो."

आणि चहा निवून गेल्यावर का होईना, तो खरंच आला. तीन दुकानं पालथी घालून. वीस-पन्नास, साधं खनिज तेल, आणि पाठीवर एमए ही दोन अक्षरं. ती असली की ओल्या क्लचला ते तेल चालतं. तारवाल्यांनी दोन बोटांनी ती अक्षरं चाचपून बघितली. मग मला बाहेर काढलं. ओतताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. वय झालं होतं ते काही खोटं नव्हतं. जावयाने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेल माझ्या तोंडाशी आलं, थांबलं, घोळलं आणि दोरीसारखं उतरायला लागलं. फार दिवसांनी मला माझं काम करताना बरं वाटलं.

चकत्यांना लागलेला गुळगुळीतपणा एका दमात गेला नाही. थोडं फिरवून तेही तेल काढावं लागलं आणि पुन्हा नवं भरावं लागलं. मग बाईंनी फर्मान काढलं की आधी जावई चढ चढून येईल, मगच त्या मागे बसतील. जावई चढून आला. मग तारवाले पुढे बसले आणि बाई मागे. वळणावर आल्यावर बाईंनी त्यांचा शर्ट मुठीत घट्ट धरला. गाडी डगडग करत, न ओरडता वर गेली. इस्त्रीवालीने इस्त्री उंचावली. वर पोचल्यावर बाई उतरल्या, कोपराच्या व्रणावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी न्यायला या. उशीर करू नका." तारवाले तिथेच गाडीवर बसून राहिले. त्यांना बाहीने डोळे पुसताना मी भोकातून पाहिलं.

मी अजून त्याच पेटीत आहे. माझ्या शिवणीत त्या सोनेरी तेलाचा एक ओघळ राहून गेलाय, तो काही निघत नाही. कुणी मला हातात घेतलं की तो दिसेल, म्हणून मला आजही ओशाळल्यासारखं होतं. तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तिचं तेल चकाकी बघून निवडू नका. डबा फिरवा आणि त्याची पाठ वाचा. तिथे आपल्या गाडीचं नाही असं लिहिलेलं असेल, तर समोर कितीही लाडका माणूस शर्ट दुमडून उभा असला तरी त्याला सांगा. प्रेमाने सांगा, पण झाकण उघडायच्या आधी सांगा. कारण तेल माझ्यापर्यंत आलं की मग मी काहीच करू शकत नाही.